लाईट नसताना चाललेला लूम

घ्या चहा, ऐका. आमच्या अण्णाशेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात कॉलेजची सुनंदा संशोधन करायची. प्रत्येक लूमवर तिची बिनतारी डबी. लूम हलला की लॅपटॉपवर हिरवा ठिपका.

तिचे सर तपासायला आले, त्या दुपारी मी गंमत म्हणून एका लूमची डबी काढून झोपलेल्या अण्णांच्या खाटेला गुपचूप चिकटवली. नेमकी लाईट गेली. सगळे लूम थांबले, एक ठिपका मात्र हिरवाच!

"लाईट नाही आणि लूम चालतोय? हे संशोधन?" सर तापले. सुनंदा रडकुंडीला आली.

मी हादरणाऱ्या खाटेवरची डबी दाखवत म्हटलं, "सर, जरा अण्णांचं घोरणं ऐका."

सरांनी अण्णांना हलवलं. घोरणं थांबलं, ठिपका विझला.

"पास!" सर हसत ओरडले.

अण्णा दचकून उठले, "कोन पास झाला रं?"

"तुम्हीच, अण्णा!"

आता तिथं गोदाम हाय. लाईट जात न्हाय, पण तसं बिनघोर कुणी झोपतही न्हाय.