दर रविवारी डोंगरावर गेलेली गाडी

काकू : ...आणि दर रविवारी, बरं का! ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, अंगात कणकण असली तरी हे आपले पहाटे उठून डोंगरावर. एक चढ सोडला नाही. भिंतीवर पाल चढावी तशी चढते ही गाडी!

डॉक्टर : काकू, तो टॉर्च जरा आत सरकवता? पायानंच ढकला. हं, मिळाला.

काकू : तुम्ही खरंच गुरांच्या डॉक्टर ना? नाही, अशा गाडीखाली झोपलात म्हणून विचारलं.

डॉक्टर : गाईच्या मागे झोपण्यापेक्षा हे बरं. गाडी लाथ मारत नाही.

काकू : आधीच्या गिऱ्हाइकांनी तर गाडीला हातसुद्धा लावला नाही. मी इतकं कौतुकानं सांगत होते, दगड, ओढे, कडे... तर तोंडं पाडून म्हणाले, "कळवतो." गेले ते गेलेच. सगळ्यांचं तेच. किंमत उतरवता उतरवता आता जुन्या फ्रिजच्या भावावर आणलीय मी. फोर बाय फोर हवी, चारही चाकं ओढणारी हवी म्हणतात, आणि डोंगराचं नाव काढलं की पळतात!

डॉक्टर : पळणारच. डोंगरात जाणाऱ्याला डोंगरात न गेलेली गाडी हवी असते.

काकू : हे काय भलतंच!

डॉक्टर : भलतं नाही. दगडावर आपटलेली चॅसी, पाणी शिरलेलं ऑइल, जागोजागी वेल्डिंग, हे विकत कोण घेईल? मी कितीतरी पाहिल्या. एकीला खालून नवाकोरा काळा रंग दिला होता. बोट टेकवलं तर रंगासकट गंजाचा पापुद्रा हातात आला. दुसरीला पुढेमागे दिवेच दिवे, आणि पुढचं चाक धरून हलवलं तर खुळखुळ्यासारखं वाजलं.

काकू : आणि आमची?

डॉक्टर : तुमची खालून इतकी स्वच्छ आहे, की मला भीती वाटायला लागलीय. हात द्या, उठते.

काकू : उठा. केसांना ग्रीस लागलंय. पण एवढं बघून बघून घ्यायला तुम्हाला जायचंय तरी कुठे?

डॉक्टर : वरच्या वस्त्यांवर. तिथली सगळी जनावरं माझ्याकडे आहेत. माझी छोटी गाडी तळ्यापाशी डांबर संपलं की बसते. पुढे मी पायी. मध्ये एका गाईचं वासरू अडलं होतं. मी धापा टाकत पोचले तोवर दोघंही गेली होती. त्या घरातली बाई मला एका शब्दानं बोलली नाही. उलट प्यायला पाणी दिलं. तो घोट अजून गळ्याखाली उतरला नाही माझ्या.

काकू : अरे देवा.

डॉक्टर : नव्या गाडीची ऐपत नाही. आणि जुनी घेतली नि तीच चढावर बसली, तर पुन्हा दुसरी घ्यायचीही नाही. म्हणून गाडीखाली झोपते.

काकू : मग घ्या की ही! स्वच्छ आहे म्हणता ना?

डॉक्टर : तिथेच तर अडलंय. तुम्ही सांगता ती गाडी आणि ही गाडी एक नाहीत. इतकी वर्षं डोंगर चढलेल्या गाडीच्या पोटाला एक ओरखडा नाही? म्हणजे मोठा अपघात होऊन सगळा सांगाडा तरी बदललाय, नाहीतर काहीतरी लपवलंय. खरं काय ते कळल्याशिवाय मी घेणार नाही. माफ करा काकू, निघते मी.

काकू : थांबा! थांबा जरा. ...अहो! ऐकलंत का? गॅलरीतून उठा आणि गाडीची दुसरी किल्ली शोधून आणा बघू!

काका : आणतो, आणतो! कुठे ठेवलीय?

काकू : कपाटात बघा, नाहीतर ड्रॉवरमध्ये, नाहीतर फ्रिजवर! नीट शोधा, घाई नको!

डॉक्टर : दुसरी किल्ली कशाला, मी तर...

काकू : किल्ली माझ्या कमरेला आहे. बसू दे त्यांना शोधत. ऐक पोरी. ही गाडी डोंगरावर कधी गेलेलीच नाही.

डॉक्टर : काय?

काकू : हळू बोल. गाडी धुतं कोण? मी. दर रविवारी संध्याकाळी. चिखल नुसता दारांवर, तोही एका उंचीपर्यंत, कुणीतरी मगानं मारल्यासारखा. वर काही नाही, खाली काही नाही. आणि चिखलात बदकांची पिसं. डोंगरावर कधी बदकं पाहिलीस?

डॉक्टर : आणि तुम्ही विचारलं नाहीत?

काकू : पहिल्याच रविवारी परत आले ते तोंड पांढरंफटक करून. मी म्हटलं, कसं झालं? म्हणाले, "झकास!" आता यावर मी काय बोलणार? पुढच्या रविवारी डबा जरा जास्तच भरून दिला.

डॉक्टर : मग मघापासून हे दगड, ओढे, पाल...?

काकू : गॅलरीतून ऐकू जातं ना सगळं! अगं, जन्मभर ऑफिसात मान खाली घालून काम केलं या माणसानं. एवढी एकच फुशारकी आहे त्यांची. मी गाडी विकायला काढलीय, ती नाही.

डॉक्टर : म्हणून गिऱ्हाइकं जाऊ दिलीत!

काकू : आणि काय रंगवून सांगतात म्हणून सांगू! म्हणे वर मोठी सपाटी आहे, मधोमध एक एकटं झाड, त्याच्याखाली बसून डबा खातात. खाली तळं बशीएवढं दिसतं. इतक्यांदा ऐकलंय की त्या झाडाची फांदीन् फांदी माझ्या ओळखीची झालीय.

डॉक्टर : झाड? वर?

काकू : हो. का गं?

डॉक्टर : काही नाही. तुम्ही कधी गेला नाहीत बरोबर?

काकू : मन फार व्हायचं जायचं. पण मी येते म्हटलं असतं तर त्यांची केवढी पंचाईत! म्हणून दर रविवारी माझं डोकं दुखायचं. ...चूप, आले.

काका : किल्ली काही सापडत नाही बुवा. फ्रिजवरसुद्धा पाहिलं.

काकू : अय्या, ही बघा, माझ्याच कमरेला! वय झालं माझं. बसा तुम्ही डॉक्टरांशी बोलत, मी चहा टाकते.

काका : गेली का आत?

डॉक्टर : गेल्या.

काका : हिनं तुम्हाला ते सगळं सांगितलं असेल. डोंगर, ओढे वगैरे.

डॉक्टर : सांगितलं. पालसुद्धा सांगितली.

काका : हं. म्हणजे, तसं आहे की... एक विनंती आहे. आधीचे सगळे गेले, तेव्हा मी वर बसून बघत होतो. प्रत्येक वेळी वाटायचं, खाली जावं आणि सांगून टाकावं. धीर झाला नाही. तुम्ही गाईचं सांगितलंत ना, तेही ऐकलं मी. आता नाही सांगितलं तर माझ्यासारखा हलकट मीच. गाडी घ्या तुम्ही. ती कुठेही आपटलेली नाही. ती डोंगरावर गेलेलीच नाही.

डॉक्टर : अच्छा.

काका : तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसत नाही.

डॉक्टर : वाटलं ना! आतल्या आत वाटलं.

काका : पण हिला कळता कामा नये. तिला फार अभिमान आहे हो. शेजारीपाजारी सांगत असते. माझी कंबर गेली, गाडी चालवणं सुटलं, तर म्हणते, डोंगरातल्या धक्क्यांनी गेली. कंबर गेली ऑफिसच्या खुर्चीनं!

डॉक्टर : मग दर रविवारी जायचात कुठे?

काका : तळ्यावर. डांबर संपतं तिथे. बदकं बघायची, डबा खायचा, निघताना दारांवर चिखल मारायचा. त्यातलं निम्मं जेवण बदकांनी खाल्लंय. डबा शेवटी शेवटी फारच मोठा असायचा.

डॉक्टर : आणि चढ? एकदाही नाही?

काका : एकदा. पहिल्याच रविवारी. फोर बाय फोरचा तो छोटा लिव्हर ओढला, पुस्तकात दिलंय तसा, आणि घातली चढावर. अर्ध्यात मागची चाकं गरागरा फिरायला लागली. गाडी मागे घसरली, एका अंगावर कलली. खाली तळं दिसलं आणि... तशीच मागे घेतली. डोंगर चढायला आलेल्या बाकीच्यांच्या गाड्या शेजारून वर जात होत्या. तेव्हाच कळलं, हे आपल्याच्यानं होणार नाही. भित्रा माणूस मी.

डॉक्टर : नुसती मागची चाकं फिरत होती? पुढची?

काका : पुढची स्वस्थ होती. का?

डॉक्टर : उठा काका, इकडे या. पुढच्या चाकाच्या मधोमध ही गोल चकती दिसते?

काका : ती शोभेची ना?

डॉक्टर : शोभेची! काका, या जुन्या गाड्यांना खाली उतरून ही चकती हातानं फिरवावी लागते. दोन्ही पुढच्या चाकांची. तेव्हा कुठे पुढची चाकं कामाला लागतात. ही कधी फिरवलीत?

काका : नाही. मला... कुणी सांगितलंच नाही.

डॉक्टर : कंपनीचा रंग अजून फटीत तसाच भरलाय. मघाशी बघितला तेव्हाच मला कोडं पडलं होतं. आतून किती का लिव्हर ओढा, पुढची चाकं मोकळीच राहणार.

काका : म्हणजे त्या दिवशी...

डॉक्टर : त्या दिवशी तुम्ही दोन चाकांवर तो चढ चढायला निघाला होतात. मीसुद्धा घसरले असते. कुणीही घसरलं असतं.

काका : कुणीही?

डॉक्टर : कुणीही. यात भित्रेपणा कुठे आला? उलट अर्ध्यापर्यंत नेलीत कशी, याचंच मला नवल वाटतंय.

काका : जरा पायरीवर बसतो हं.

काकू : चहा घ्या. ...अहो, असे का बसलात? कंबर?

काका : नाही. काही नाही. बरं वाटतंय.

डॉक्टर : काकू, खालून गाडी पसंत आहे. पण पुढची चाकं ओढतात की नाही, ते चढावर घालूनच कळेल. इतकी वर्षं... म्हणजे, विकायला काढल्यापासून उभी आहे ना. तिथे बसली, तर माझ्या काही कामाची नाही.

काका : मी येतो बरोबर. आणि तूही चल.

काकू : मी? नको बाई. माझं डोकं दुखतंय.

काका : दुखू दे. गाडी जायच्या आधी एकदा तरी चल. कधी नेलंच नाही तुला.

काकू : अहो, पण तिथे... तुमची उगाच दगदग...

काका : चल म्हणतो ना. डबा घे.

(तळ्याकाठी, डांबर संपतं तिथे.)

काकू : ही सगळी बदकं आपल्याच गाडीकडे का धावत सुटलीत?

काका : ते... म्हणजे...

काकू : भुकेली असतील बिचारी. तुम्ही नका लक्ष देऊ.

डॉक्टर : काका, चकती तुम्ही फिरवणार?

काका : मीच फिरवतो. ...घट्ट आहे हो. रंग धरून बसलाय. थांबा, रुमालानं पकडतो. हां! फिरली! खट् झालं!

डॉक्टर : आता पलीकडची. लिव्हर मी आतून टाकते. मऊ मातीत आहोत तोवर बघून घ्या, पुढची चाकं फिरतायत?

काका : फिरतायत! अगं, पुढचीसुद्धा फिरतायत! दोन्ही!

काकू : मग? फिरायचीच. बसा आता आत.

डॉक्टर : धरून बसा. घालते चढावर.

काकू : बाई गं! नुसतं आभाळच दिसतंय समोर.

डॉक्टर : मागची घसरली. ...थांबा. ...ओढलं. पुढच्यांनी ओढलं! शहाणी गं माझी, चल. चल.

काका : इथेच...

काकू : इथेच काय?

काका : इथेच जरा कलते गाडी. नेहमी.

काकू : कलू दे की. पण तुम्ही माझा हात का आवळलाय?

काका : तू घाबरशील म्हणून.

काकू : घाबरलेच आहे मी. सोडू नका.

डॉक्टर : सपाटी आली. उतरा. काकू, काका, गाडी मी घेतली. आणि फ्रिजच्या भावानं नाही घेणार. किंमत उतरवायच्या आधी जी होती, तीच सांगा. माझ्या गाईंना आता चालत येणारी डॉक्टर नको.

काकू : ते मागाहून बोलू. आधी मला बघू दे. अगंबाई, केवढं मोकळं! ते खाली चकाकतंय ते तळं ना? खरंच बशीएवढं दिसतंय हो!

काका : हो? ...हो की. खरंच बशीएवढं दिसतंय.

काकू : आणि वारं किती!

काका : अगं, ते झाड...

काकू : हं.

काका : झाड दिसत नाही.

काकू : मोठं वारं झालं होतं ना मध्यंतरी. पडलं असेल.

काका : खोडसुद्धा नाही. मुळंसुद्धा नाहीत.

काकू : लोक नेतात हो सरपणाला, काही ठेवत नाहीत. बाकी सगळं अगदी तुम्ही सांगायचात तस्संच आहे.

काका : तस्संच?

काकू : तस्संच. डॉक्टर, तूही ये गं, डबा मोठा आहे. ...अहो, उभे काय राहिलात? झाड इथेच होतं ना? मग इथेच बसू.