मानपत्रातली सहावी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सगळ्यांचे जुने हेडमास्तर सर. व्यासपीठावरचे दवाखाना समितीचे चिटणीस. उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणारे नवे डॉक्टर. आमचे कंपाउंडर भाऊ. आणि ज्यांच्या कुत्र्या-मांजरांनी चौतीस वर्षं मला ओरबाडलं, ती समोर बसलेली सगळी मायेची माणसं,

चिटणिसांनी मानपत्र वाचलं. छान वाचलं. पण त्यातली सहावी ओळ, 'त्यांच्या हातून कधी एकही चूक झाली नाही', ही खोटी आहे. ती काढा, असं मी काल त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, बाई, आता फ्रेम झाली. फ्रेम झाली म्हणून खोटं खरं होतं का? हसू नका, मी गंमत करत नाहीये.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची आहे आणि सर, ती तुमची आहे. न विचारता अध्यक्षांच्या घरचं बोलणं शिष्टाचारात बसत नाही, ठाऊक आहे मला. पण विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असता.

सरांच्या मिसेस तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांच्या खाटेखाली भुऱ्या झोपायचा. भुऱ्या म्हणजे त्यांचा कुत्रा, सात वर्षांचा. त्याला गोचिड्या झाल्या. आजारी माणसाजवळ हे नको, म्हणून सर त्याला माझ्याकडे घेऊन आले. मी वजन केलं आणि घरी घालायला गोचिड्यांची गोळी दिली. आता घरी जाऊन कोणी गोळ्या फेकून देऊ नका हं. गोळी चांगली आहे, शेकडो कुत्र्यांना मी दिलीय. फक्त ज्या कुत्र्याला पूर्वी फिटचे झटके आलेत, त्याला ती देताना दहादा विचार करावा लागतो. म्हणून आधी विचारायचं असतं, याला कधी झटका आला होता का? मी प्रत्येकाला विचारायचे. त्या दिवशी लसींची रांग दारापर्यंत आली होती. मी विचारलं नाही, नुसतं कार्ड बघितलं. कार्ड कोरं होतं.

कोरं का होतं? तर आमच्याकडे कार्ड भरलं की नवीन करायचं, त्यावर फक्त लसी उतरवायच्या आणि जुनं कार्ड गठ्ठ्यात बांधून कपाटात टाकायचं. ही पद्धत माझी. सगळंच उतरवून घेऊ या, असं भाऊ मला दोनदा म्हणाले होते. तुम्हाला कामं कमी आहेत का, म्हणून मी त्यांच्यावरच खेकसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सर भुऱ्याला चादरीत गुंडाळून घेऊन आले. झटक्यावर झटके येत होते. इंजेक्शनं झाली, सलाइन झालं, अंग तापलं म्हणून ओले टॉवेल झाले. भाऊंनी डोकं धरलं होतं, सरांनी मागचे पाय. सर एकच विचारत होते, "डॉक्टर, हिला घरी जाऊन काय सांगू?" सव्वादोनला सगळं थांबलं.

सर गेल्यावर मी कपाटातला गठ्ठा सोडला. जुन्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पिल्लू चार महिन्यांचं, एकदा झटका, लक्ष ठेवावे.

दुसऱ्या दिवशी सर आमचा टॉवेल परत द्यायला आले. धुऊन, घडी घालून आणला होता. म्हणाले, "डॉक्टर, पाकिटावर जेवणाबरोबर द्या असं लिहिलं होतं. मी रिकाम्या पोटी दिली. त्यानं झालं का हो?" ते कार्ड माझ्यासमोरच्या खणात होतं. आणि मी म्हणाले, "असेल, सर."

मी घाबरले होते. दवाखान्याचं नाव जाईल, माझं जाईल. दुसरं काही कारण नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटते. तीन महिन्यांनी मिसेस गेल्या. भुऱ्या आपल्या हातून गेला, असंच सरांनी त्यांना सांगितलं होतं. गेल्या महिन्यात सरांची मुलगी मला भेटली. घरात बाबा एकटेच असतात म्हणून तिनं त्यांच्यासाठी पिल्लू बघितलंय, पण ते हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, एक जीव माझ्या हातून गेलाय, आता नको.

सर, जरा इकडे बघा. भुऱ्या त्या गोळीनंच गेला, असं मलाही शपथेवर सांगता येणार नाही. पण रिकाम्या पोटी दिल्यानं तो गेला नाही, हे मी शपथेवर सांगते. रिकाम्या पोटी ती गोळी उलट कमी लागू पडते. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. भाऊ, ते जुनं कार्ड सरांना द्या.

नव्या डॉक्टरांनी कितीही रांग असली तरी विचारावं. तुम्हीही न विचारता सांगत जा, जुनं दुखणं काय होतं ते. आणि कुत्र्यांसाठीचे पिसवांवरचे थेंब मांजराला टाकू नका, त्याला ते विष असतं, हे मी मरेपर्यंत सांगत राहणार.

समितीचे, भाऊंचे, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. यानंतर अध्यक्षीय भाषण आहे. सर, माझ्या कौतुकाचा कागद आणला असेल तर तो खिशातच राहू द्या. उठून घरी जावंसं वाटलं तर खुशाल जा. तुमची माफी मी आज मागत नाही. एवढ्या लोकांसमोर मागितली, तर तुम्हाला ती द्यावीच लागेल.