मल्लूची जांभई

आम्ही मूळचे कुठले म्हणाल तर आता कुणालाच धड सांगता येत नाही. शेकडो वर्षांपूर्वी फौजेबरोबर कोण एक इकडं कानडी मुलखात आला आणि इथंच राहिला, तलवार गेली, घोडा गेला, घरात मराठी तेवढी उरली, तीही स्वल्प कानडी मिसळलेली, तुम्ही पुण्याकडचे, तुम्हाला हसू येत असेल, हसा की. कुलदैवत मात्र सोडलं नाही, खंडोबा, इथले लोक त्याला मैलार म्हणतात. मी वीज खात्यात मीटर वाचायला होतो, इथल्या बसवनगुडी भागातली घरं माझ्याकडं, आणि काय सांगू तुम्हाला, सगळी नोकरी मी भीत भीत केली. कुत्र्यांना. मीटर असायचा आत, आणि गेटात न् मीटरात कुत्रा असायचा.

पहिल्याच वर्षी एका बंगल्यातला कुत्रा शेपूट हलवत होता, बाई वरनं म्हणाल्या बन्नी, एनू माडल्ला, म्हणजे या, काही करत नाही, आणि मी ती शेपूट बघून आत गेलो. पोटरीचा लचका गेला, वर पोटात चौदा इंजेक्शनं. आमच्यात नारायणप्पा म्हणून जुने मीटरवाले होते, ते म्हणाले, शेपूट शेवटी बघ रे, आधी तोंड बघ. झोप नसताना जांभई देतोय का, समोर खायला नसताना ओठावरनं जीभ फिरवतोय का, मान वळवतोय का, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय का, म्हणजे तो घाबरलाय, लांब हो म्हणून सांगतोय. आणि धापा टाकणारं तोंड एकदम मिटलं, अंग ताठ झालं, की त्याचं सांगून संपलं. मी म्हटलं, तो घाबरलाय? घाबरलोय तर मी. ते म्हणाले, दोघंही घाबरलाय, पण दात त्याचे मोठे आहेत. त्या दिवसापासून मी गेटाबाहेर उभा राहून आधी कुत्रा वाचायचो, मग मीटर.

आणि असल्या माझ्या घरात कुत्रा आला बघा, नव्वद सालानंतरची गोष्ट. माझा मुलगा विनायक पिल्लू घेऊन आला, देवाच्या नावावरनं मल्लू म्हणायला लागले. नात शिल्पा तेव्हा पाच वर्षांची, ती दिवसभर त्याच्या गळ्यात. पिल्लू गुरगुरलं की विनायक पेपराची गुंडाळी करून त्याच्या नाकावर मारायचा. मी सांगितलं, मारू नको, गुरगुरू दे, तेवढं एकच त्याला बोलता येतं. तो म्हणाला, अण्णा, तुम्हाला शेळीपण वाघ दिसते. दोन वर्षांत मल्लूनं गुरगुरणं सोडलं, घरचे म्हणाले शहाणा झाला. पण आता हा चावायच्या आधी काही सांगणार नव्हता.

मग आली चंपाषष्ठी. आमच्याकडं त्या दिवशी तळी उचलतात, ताटात भंडारा म्हणजे हळद, खोबरं, चौघांनी ताट धरायचं, येळकोट येळकोट ओरडायचं, भंडारा उधळायचा, आणि वांग्याचं भरीत न् रोडगा पहिल्यांदा कुत्र्याला, देवाचं कुत्रं म्हणून. एरवी गल्लीतल्या कुत्र्याला घालायचो, त्या वर्षी म्हणाले, घरचा असताना बाहेरचा कशाला? मल्लूला देवघराच्या कोपऱ्यात बसवलं, मागं भिंत, पुढं सगळी माणसं, आणि तो हलू नये म्हणून शिल्पा त्याच्या मानेला मिठी मारून, गालाला गाल लावून बसलेली. विनायकनं त्याच्या कपाळाला हळद फासली. मल्लूनं जांभई दिली. सगळे हसले, बघा बघा, देव प्रसन्न झाला. त्यानं जीभ फिरवली, माझी बायको सुशीला म्हणाली, भरिताचा वास आला बरं त्याला. त्यानं मान वळवली, शिल्पानं ती हातानं परत आपल्याकडं केली. आणि मला त्याच्या डोळ्याचं पांढरं दिसलं.

मी विनायकला म्हटलं, पोरीला उचल. त्यानं ऐकलं पण नाही, सगळे ओरडत होते. मग मल्लूच्या धापा थांबल्या. तोंड मिटलं. ताट माझ्याही हातात होतं. त्याच्यावर ओरडलो असतो तर तो चावला असता, पोरीला ओढली असती तरी चावला असता, हे मला कळत होतं आणि तेच भयंकर होतं हो. पाय गेले माझे. मी ताट सोडलं आणि तिथंच खाली बसलो, कुत्र्याकडं न बघता, तिच्याकडंही न बघता, घामानं सगळा ओला. शिल्पानं माझ्याकडं बघितलं. आजोबांना ती इथल्यासारखं ताता म्हणते. म्हणाली, ताता, भिऊ नको रे, मी आहे की. आणि मल्लूची मान सोडून माझ्याकडं यायला उठली.

ती उठली आणि मागं टक् करून वाजलं. दातावर दात. तिचा गाल होता तिथं. त्या गोंगाटात ते मी एकट्यानंच ऐकलं. मोकळा सुटल्यावर मल्लू पायांमधनं पळाला आणि कॉटखाली जाऊन कापत बसला. मीपण कापत होतो.

घरात अजून सांगतात, अण्णांनी कुत्र्याला भिऊन भरली तळी सांडली. मी खरं काय ते सांगून बघितलं, विनायक म्हणतो, अण्णा, तुम्हाला भास झाला. सरी, म्हणजे बरं, भास तर भास. पण दुसऱ्या वर्षीपासून मी हट्ट धरला, मल्लूचा नैवेद्य मागच्या अंगणात ठेवायचा आणि सगळ्यांनी आत यायचं. भित्र्या म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून चालवून घेतात.

आता मी रिटायर झालो. शिल्पा मोठ्या शाळेत जाते. मैत्रिणी आल्या की माझ्याकडं बोट दाखवून सांगते, आमचे ताता ना, पूजेत कुत्र्याला घाबरून खालीच बसले, आणि हसते. हसताना तिच्या उजव्या गालावर खळी पडते. मल्लू त्याच बाजूला होता. मी खळीकडं बघतो आणि म्हणतो, हास बाई, पोटभर हास.