पट्टी सोडायला परत ये

प्रज्ञाताई, विहारात जमलेल्या आयाबहिणींनो आणि भावांनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

मी लिहून आणलं आहे. मला असं उभं राहून बोलता येत नाही. दहावीनंतर शाळा सुटली, आणि शाळेतही मी कधी पुढे येऊन बोललो नव्हतो. वाचतो.

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता मी पांढुर्ण्याला आमच्या छापखान्यात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. नवरदेवाच्या मामांची नावं चालली होती. तेवढ्यात प्रज्ञाताईचा फोन आला. "नितेश, आई गेली रे." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला, उरलेले मामा तपासले, आणि मग खाली बसलो.

प्रज्ञाताईची आई, विमलमावशी, माझी नात्याने कोणी नव्हती. ती रामाकोन्याच्या रोपवाटिकेत संत्र्याची कलमं बांधायची. इथल्या कितीतरी बागांत तिच्या हातची झाडं आहेत. तिला शुगर होती, चालताना धाप लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं.

पण तिच्या मातीहून परतताना नळावर हातपाय धूत होतो, तेव्हा माझ्या मागे दोघं बोलत होते.

"थोच आजार ना?"

"हो ना. शेवटी नेलंच म्हणा."

मी मागे वळलो नाही. वळायला हवं होतं. म्हणून आज वळतो.

मावशीला एचआयव्ही होता. मी काही उघड करत नाही. तिनेच याच विहारात, याच माईकवर, स्वतः सांगितलं होतं. नवरा त्याच आजाराने गेला, तेव्हा प्रज्ञाताई शाळेत होती. मावशीने रोजची गोळी सुरू केली. मुलीला शिकवलं. मुलीचं लग्न लावलं. नातवाला मांडीवर घेऊन काजळ लावलं. आणि मग हृदय बंद पडून गेली. ती त्या आजाराने गेली नाही. मी पुन्हा वाचतो. ती त्या आजाराने गेली नाही.

एवढं जोर देऊन का सांगतो आहे? नळावर बरेच लोक होते. त्यांत एखादा असा असेल, ज्याला नुकताच रिपोर्ट मिळाला आहे आणि ज्याने घरी कोणाला सांगितलेलं नाही. त्याने ऐकलं असेल, शेवटी नेलंच. आज तो कदाचित इथेही बसला असेल. किंवा बसली असेल. तो कोण, मला माहीत नाही. त्याच्या डोक्यात काय चाललं आहे, ते माहीत आहे.

कारण मलाही एचआयव्ही आहे.

माझी आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला माहीत आहे. आज सकाळी तिने या शर्टाला इस्त्री केली आणि म्हणाली, "हळू बोलजो. तू घाई करतं." म्हणून हळू बोलतो.

हर्नियाच्या ऑपरेशनआधी माझं रक्त तपासलं होतं. त्यात निघालं. समुपदेशनाच्या मॅडमनी नीट समजावलं. गोळी आहे, रोज घ्यायची, माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. मी सगळं ऐकलं आणि माझ्या कानात काहीच गेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "घरी कोणाला सांगू शकशील?" मी म्हणालो, "कोणालाच नाही." त्या म्हणाल्या, "मग बाहेर एक बाई बसल्या आहेत, नव्या पेशंटना धीर देतात. तुला चालत असेल तरच, त्यांना भेट."

मला त्या दिवशी घरी जायचं नव्हतं. खरं सांगायचं तर कुठेच जायचं नव्हतं. माझ्या म्हणण्याचा अर्थ तुम्हाला कळला असेल.

बाकावर मावशी बसली होती. मांडीवर ओल्या बारदान्यात गुंडाळलेल्या संत्र्याच्या काड्या. तिने मला रिपोर्टचं काही विचारलं नाही.

"जेवला काय?"

मी बाहीने डोळे पुसले.

"न जेवता रडलं का डोकं दुखते, बाबू. चाल."

तिने डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली आणि मला बसमध्ये बसवून रामाकोन्याला नेलं. रोपवाटिकेत गेल्यावर तिने कलमाचा चाकू पुढे केला. मी मागे सरकलो. "मावशी, चाकू नको. माझा हात कापला तर?"

ती म्हणाली, "कापला तर धू अन् पट्टी लाव. झाडाले हा आजार होत नाही, अन् मले आधीचाच आहे. आता कोणाले भेतं?"

मी हसलो. त्या दिवशी आपण हसू, असं मला वाटलं नव्हतं.

ज्यांच्या बागा आहेत त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला सालीत चीर देतात; त्या रोपाला खुंट म्हणतात. संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे फुटायची कळी, काढून त्या चिरेत बसवतात आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहतात. डोळा हिरवा असला तर लागला. मावशीने माझा हात धरून एक डोळा बांधून घेतला.

"तीन हप्त्यांनी पट्टी सोडाले येजो."

"तुम्हीच सोडा ना."

"ज्यानं बांधली त्यानंच सोडा लागते. इथला नियम आहे."

असा नियम तिथे नाही. ज्याला वेळ असेल तो सोडतो. हे मला फार पुढे कळलं. पण त्या दिवशी मला तीन आठवड्यांनंतरचं एक काम मिळालं. त्याआधी माझ्याजवळ दुसऱ्या दिवसाचंही नव्हतं.

घरी आलो आणि माझं ताट वेगळं केलं, गिलास वेगळा केला, टॉवेल वेगळा केला. असं पसरत नाही हे मॅडमनी सांगितलं होतं, तरी केलं. आईला म्हणालो, पोटात इन्फेक्शन आहे. रोज आरशात जीभ पाहायचो. बसस्टँडच्या काट्यावर वजन करायचो. झोप नव्हती. आणि एक दिवसाआड बस पकडून रामाकोन्याला जायचो, कोणी पाहत नाही असं बघून ती पट्टी सोडायचो, डोळा हिरवा आहे का पाहायचो, आणि पुन्हा बांधायचो.

तीन आठवडे झाले. मावशीसमोर पट्टी सोडली. डोळा काळा पडला होता.

मला वाटलं, उत्तर मिळालं. गोळी सुरू होती, पण माझंही असंच होणार.

मावशीने रोप जवळून पाहिलं. साल चुरगळली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"कितीदा सोडली?"

"रोज नाही, मावशी. एक दिवसाआड."

ती इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. पलीकडे काम करणाऱ्या बायांना हाक मारून म्हणाली, "पहा वं, या पोट्ट्यानं पाहून पाहून मारला त्याले." मग डोळे पुसून मला म्हणाली, "वजन बी असंच पाहून राहिला असशील. दवाखान्यानं तपासणीची तारीख देली ना? मंग मधात कायले उकरून राहिला? जगू दे ना स्वतःले."

मी म्हणालो, "झोप येत नाही."

तेव्हा ती हसायची थांबली. "हे मॅडमले सांगतलं काय?"

"नाही."

"झोप न येणं बी दुखणंच आहे. त्याचाही इलाज आहे. उद्या जाऊन सांग. मी येतो संगं."

ती आली. मॅडमनी मला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. काही महिने मनाचं औषध घेतलं, दर आठवड्याला बोलायला गेलो. हळूहळू झोप आली. सांगायला मला अजून लाज वाटते, पण पहिल्यापेक्षा कमी वाटते.

दवाखान्यातून परतताना त्याच दिवशी ती आमच्या घरी आली. आईने पाणी विचारलं. मावशी सरळ मोरीजवळ गेली आणि माझा वेगळा ठेवलेला गिलास उचलून म्हणाली, "यातच द्या." आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. आई उठली आणि तिने तो गिलास बाकीच्या गिलासांत ठेवून दिला.

आणि माझं ते रोप? मी ते उपटायला निघालो होतो. मावशी म्हणाली, "थांब. डोळा गेला, खुंट जिता आहे. दुसऱ्या बाजूनं नवा डोळा भरू." या वेळी मी पट्टीला हात लावला नाही. ते झाड आज बोरगावजवळच्या एका बागेत आहे. यंदा त्याला पहिला बार आला. मावशीने त्यातलं एक संत्रं सोलून खाल्लं आणि म्हणाली, "आंबट आहे. तुह्यासारखंच." मला फार बरं वाटलं.

आता शेवटचं. बुधवारी मी रोपवाटिकेत जाऊन आलो. तिच्या वाफ्याच्या कडेला एक रोप आहे. त्यावरची पट्टी नवख्या हाताने गुंडाळलेली आहे, वाकडी. दवाखान्यातून माझ्यासारख्या ज्यांना ती तिथे आणायची, त्यांचं नाव मावशी कधी सांगत नसे, म्हणून ती कोणी बांधली मला माहीत नाही. तुम्ही इथे असाल, तर हात वर करू नका. माझ्याकडे पाहूही नका. फक्त ऐका. मी पट्टीला हात लावलेला नाही. कोणी लावणारही नाही, मी सांगून आलो आहे. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. यापुढे दर रविवारी मी तिथे असेन. दोघांपुरता डबा आणेन. तुम्हाला जमेल त्या रविवारी या. आणि डोळा काळा निघाला, तरी या. खुंट जिवंत असतो.

प्रज्ञाताई, तुझी आई आम्हाला पुरली. तुला मात्र ती अजून हवी होती, हे मला कळतं.

आता आपण सगळे उभे राहू आणि दोन मिनिटं शांत राहू. मावशी गप्प बसणारी नव्हती, तेव्हा तिच्यासाठी एवढं पुष्कळ आहे. त्यानंतर विहाराच्या मागे पंगत आहे. कोणीही उपाशी जाऊ नका. तिने दारातच विचारलं असतं.

विमलमावशी, जय भीम.