वीतभर अरबी समुद्र

मंडळी, मला एक सांगा — देव किती लांब आहे हो? वैकुंठाचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही ना? मग ऐका. पेटीवाले, जरा थांबा, ही गोष्ट सुरांवाचूनच बरी.

आमच्या आडवण गावात — गेले ते दिवस, तशी माणसंही गेली! — दाजीबा तोडणकर म्हणून चित्रकलेचे मास्तर होते. त्यांच्या मनात आलं, शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढावा. काढला की! पण कसा? तांबडा समुद्र तांबडाभडक! काळा समुद्र काजळासारखा! ग्रीनलंड म्हणजे हिरवा देश, म्हणून तिथल्या बर्फावर माडांची रांग! हसू नका, तबलजी! रंग संपत आला, तेव्हा ऑस्ट्रेलिया झाला भाकरीएवढा. आणि भिंतीत मधेच खिडकी! ती चुकवायला अरबस्तान असं सरकवलं, असं सरकवलं, की अरबी समुद्र उरला वीतभर!

त्याच गावात भामाकाकू खोबरेकर. एकुलता एक वासू, जहाजावर खलाशी, तिकडे अरबस्तानातल्या एडनला. काकू एकदा शाळेत आल्या. "मास्तरानू, माझो वासू खंय असा?"

मास्तरांनी बोट ठेवलं. काकूंनी आपली वीत लावली — इकडे आडवण, तिकडे एडन. "इतक्याच लांब?" काय तो चेहरा उजळला म्हणता!

गुडघ्यांमुळे किनाऱ्यावर उतरवेना, म्हणून नारळी पौर्णिमेला काकू त्या भिंतीवरच्या समुद्रालाच हळदकुंकू लावून नारळ ठेवू लागल्या.

आणि आले साहेब तपासणीला! "समुद्राला कुंकू? मास्तर, हा नकाशा की थट्टा? बरोबर काढा, नाहीतर नोकरीला मुकाल!"

मास्तर ओशाळले. रंग कालवून उभे राहिले. तांबडा समुद्र निळा केला. ग्रीनलंडला चुना फासला — माड गेले बिचारे! आता खिडकीपलीकडे अरबस्तान नेणार, इतक्यात दारात काकू!

"मास्तरानू, समुद्र रुंदावतास? मगे माझो झील, माझो वासू, खंय जातलो?"

मंडळी, काय करावं त्या माणसानं? घरी चार तोंडं खाणारी! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कुंचला धुऊन ठेवला.

साहेब पुन्हा आले. "अरबी समुद्र तसाच?"

"साहेब, बाकीचं जग माझं होतं, ते दुरुस्त केलं. एवढा समुद्र भामाकाकूंचा आहे."

साहेबांनी त्या सुकलेल्या कुंकवाकडे पाहिलं. शेरा लिहायला काढलेलं पेन परत खिशात ठेवलं.

पुढे वासू परतला हो! आईचे पाय धरून रडायला लागला, "आये, किती लांब होतंय गो मी!"

आणि काकू? "खुळो काय तू? वीतभर तर होतंस!"

मंडळी, आता खिशाखिशात बिनचूक नकाशे आलेत. देव किती लांब, ते मागाहून बघू. आधी तुमच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसलाय ना, तो सख्खा भाऊ — बांधाच्या भांडणापासून त्याच्याशी बोलला नाहीत! किती लांब गेलाय तो? लावा बरं वीत. मी थांबतो. मग धरू भजन.