बाळ रिपोर्ट वाचत नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या बंधू-भगिनींनो,

रुग्णांच्या वतीने बोलायला मला उभं केलंय. खरं तर रुग्ण आमची ही, समोरच बसली आहे. पण बाईंची बोलणी सर्वांत जास्त मी खाल्ली, म्हणून हा मान माझा.

पंचवीस वर्षांपूर्वी हिला गरोदरपणात साखर निघाली. बाईंनी पथ्य सांगितलं. हिने त्यावर तोडगा काढला. तपासणीच्या आधी दोन दिवस जवळजवळ उपाशी राहायचं, रक्त द्यायचं आणि दवाखान्याच्या जिन्यातच बिस्किटांचा पुडा फोडायचा. रिपोर्ट असे यायचे, की चौकटीत बसवून भिंतीला लावावेत.

सातव्या महिन्यात बाईंनी सोनोग्राफी केली. पडद्याकडे बघितलं, मग हिच्याकडे.

"रिपोर्ट झकास आहे हो. पण बाळाच्या पोटाचं माप डोक्याच्या मापापुढे धावतंय. ते काही तुमचा रिपोर्ट वाचत नाही."

माझी आई खुशीत म्हणाली, नातवंड बाळसेदार आहे. तेव्हा बाईंनी तिला समजावलं, की आईच्या रक्तातली जादा साखर बाळाकडे जाते, इन्शुलिन जात नाही. ते बिचारं स्वतःचं इन्शुलिन बनवतं आणि पोटावर, खांद्यांवर चरबी चढवतं. ते खांदे बाळंतपणात अडकू शकतात.

"आणि नाळ कापली की साखर बंद, इन्शुलिन चालूच. बाळाची साखर कोसळते. याला बाळसं म्हणायचं का, आजी?"

आई गप्प बसली. एवढा चमत्कार मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी देव मानणारा माणूस आहे.

मुलगी झाली. साखर कोसळलीच. मी देवाचं नाव घेत दाराबाहेर उभा, आणि आत बाई तिची इवलीशी टाच टोचून तपासतायत, दूध पाजवून घेतायत. साखर सावरेपर्यंत त्या पाळण्यापासून हलल्या नाहीत. देवाने माझं ऐकलं असेल, तर ते बाईंच्याच मार्फत.

ती मुलगी आज आईशेजारी बसली आहे. तिला सहावा महिना आहे, आणि उद्या तिची साखरेची तपासणी. मघाशी तिने नाश्त्याची बशी भूक नाही म्हणून परत केली. कालही तिला भूक नव्हती. तेव्हा हिने मला कोपराने ढोसलं. ही कला घरात कोणाची, ते ही जाणते.

बाई, निवृत्ती उद्यापासून ना? मग तो पुष्पगुच्छ खाली ठेवा आणि दुसऱ्या रांगेकडे एकदा नुसतं बघा.

हो, तसंच.

बशी परत मागवली गेली आहे, अध्यक्ष महोदय. माझं भाषण संपलं.

दुसऱ्यांच्या पोटाविषयी फार बोललो. काही अधिकउणं झालं असेल तर ते आपण पोटात घालावं. बाई, तुमचे आभार मानायला मी तिच्या बाळालाच घेऊन येईन.