रात्रपाळीला लायक माणूस

सदाशिव पेठेतल्या मानसोपचाराच्या दवाखान्यात लेलेकाकांच्या शेजारी एक नवरा-बायको येऊन बसले. परक्यांचं बोलणं ऐकू नये, असं काकांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी श्रवणयंत्राचा आवाज थोडासाच वाढवला.

"कंपनीनं हाताच्या टाक्यांचे पैसे देल्ले ना जी?"

"देल्ले. टाके दिसतात, कौशल्या. माझ्यासमोर जोडीदार दादाराव मशीनमंदी सापडून मेला, तो मले रोज दिसते. ते कोणाले दाखवू?"

"अन् खराडीच्या नोकरीचं?"

"लागली. रात्रीचा वॉचमन. मशीन नाही, आवाज नाही. साहेबानं इचारलं, डुलकी येते काय? म्हटलं, अपघातापासून डोळाच लागला नाही. साहेब एवढा खूश झाला, म्हणे उद्यापासूनच ये!"

"चला, औषधाचं भागलं बाप्पा."

"हो. पण मागच्या खेपेले डॉक्टर म्हणे, आता देतो त्या औषधानं झोप येईन."

दोघंही गप्प झाले. लेलेकाकांनी यंत्र तपासून पाहिलं. ते चालू होतं.

"शंभू गावंडे, आत या!"

"अहो, डॉक्टरले सांगा, बाकी सारं बरं करा. झोपेचं तेवढं सध्या राहू द्या."

"अन् मी रात्री ओरडून तुले उठवतो, ते?"

"आता रात्री तुमी खराडीत जागत बसा. घरी एकाची तरी झोप होऊ द्या."